जीपीएसने बोट जमिनीवर दाखवली. याची तक्रार नेमकी कुठे करायची?

हर्णैचा_सेकंड_मेट

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं बोटीवर आहे, सध्या टँकरवर सेकंड ऑफिसर. मार्ग आखणं, चार्ट सांभाळणं आणि बारा ते चारची वॉच माझ्याकडे. प्रश्न कायद्याचा आहे, पण घडलं काय ते आधी सांगतो, त्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

२०२५ च्या जूनमध्ये इराण-इस्रायल युद्ध चालू असताना आम्ही भरलेली बोट घेऊन आखातातून बाहेर पडत होतो. होर्मुझच्या सामुद्रधुनीत आत येण्याची लेन वेगळी, बाहेर पडण्याची वेगळी. प्रत्येकी दोन मैल रुंद, मधे दोन मैलांची पट्टी. दोन मैल म्हणजे भरपूर असं वाटेल, पण आमची भरलेली बोट थांबवायची म्हटली तर तेवढं पाणी सहज लागतं.

रात्री दोनच्या सुमारास पहिला अलार्म वाजला. एक्डिसवर, म्हणजे आमच्या इलेक्ट्रॉनिक चार्टवर, बोट एका झटक्यात इराणच्या किनाऱ्यावरून आत जमिनीवर गेली. वेग बारा नॉटचा त्रेचाळीस झाला. मग ती तिथेच गोल गोल फिरायला लागली. पाठोपाठ जायरोचा अलार्म, मग सॅटेलाइट फोनचा, मग संकटाचा संदेश पाठवायच्या सेटचा. हे सगळे जीपीएसकडून पोझिशन घेतात. एआयएसवर, म्हणजे बोटी एकमेकींना आपली पोझिशन कळवतात त्या यंत्रावर, आजूबाजूच्या अकरा बोटी त्याच एका ठिपक्यावर, जमिनीवर, एकीवर एक रचलेल्या. आणि खिडकीतून पाहिलं तर त्यातल्या तिघींचे दिवे मला डोळ्यांनी दिसत होते, सगळ्यात जवळचा दीड मैलावर.

रडार तेवढं खरं बोलत होतं. त्याला बोटीचा वेग जीपीएसवरून मिळत होता, तो मी लॉगवर, म्हणजे पाण्यातून वेग मोजणाऱ्या यंत्रावर, टाकला. एबीला, म्हणजे वॉचवरच्या खलाशाला, हातात सुकाणू घ्यायला सांगितलं, कॅप्टनना वर बोलावलं. मग दर सहा मिनिटांनी उजवीकडच्या ब्रिज विंगवर, म्हणजे सुकाणूखोलीबाहेरच्या सज्जावर, जायचं, दिदामार बेटावरच्या दीपगृहाचं बेअरिंग, म्हणजे दिशा, घ्यायचं, आत येऊन रडारवर बेटाचं अंतर मोजायचं आणि हाताने पोझिशन टाकायची. बाहेर रात्रीसुद्धा एवढं दमट होतं की रिपीटरच्या, म्हणजे सज्जावरच्या होकायंत्राच्या, काचेवर वाफ धरत होती, दर वेळी बाहीने पुसावी लागत होती. रेडिओच्या चॅनेल १६ वर जो तो दुसऱ्याला विचारत होता, तुझा जीपीएस चालतोय का. एक तास पन्नास मिनिटं हे चाललं. अपघात झाला नाही.

सुट्टीवर घरी आल्यावर बाबांना सांगितलं. आमची हर्णैला मासेमारीची बोट आहे. त्यांनी विचारलं, "मग करणाऱ्याला धरत का नाहीत? आपल्याकडे कुणी दुसऱ्याचं जाळं कापलं तर सोसायटीत बोलावून भरपाई घेतात." मला उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न असा. युद्ध करणारे दोन देश, आमचा त्यात संबंध नाही. बोटीचा झेंडा तिसऱ्या देशाचा, माल चौथ्याचा, आम्ही बावीस जण भारत आणि फिलिपिन्सचे. आमचा जीपीएस खोटा करणं हा आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे का? आणि तक्रार कुणाकडे करायची? बोटीवर परत चढायच्या आधी मला ती करायची आहे.

वायरलेस_निवृत्त

हर्णैकर, वॉच उत्तम सांभाळलीत. माझी नोकरी रेडिओ लहरींच्या देखरेखीत गेली, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो.

जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर वर आहेत आणि त्यांचा ट्रान्समीटर एखाद्या घरगुती बल्बच्या ताकदीचा. तो सिग्नल तुमच्या अँटेनापर्यंत येतो तेव्हा आसपासच्या विजेच्या गोंगाटापेक्षाही क्षीण असतो. त्यामुळे किनाऱ्यावरचा साधा ट्रान्समीटरही त्याला सहज दाबतो. नागरी सिग्नलची रचना सगळ्यांना खुली आहे, कारण ती वापरायलाच दिलेली आहे. म्हणून त्याची नक्कल करणंही जमतं.

आता नियम. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे रेडिओ नियम सगळ्या सदस्य देशांवर बंधनकारक आहेत. त्यातल्या १५.१ या कलमात सरळ लिहिलंय की खोटे किंवा दिशाभूल करणारे सिग्नल पाठवायला कोणत्याही केंद्राला मनाई आहे. तुमच्या बोटीवर जे झालं ते या वाक्यात अक्षरशः बसतं.

पण त्याच संघाच्या घटनेचं ४८ वं कलम म्हणतं की लष्करी रेडिओ केंद्रांबाबत सदस्य देशांचं स्वातंत्र्य पूर्ण अबाधित आहे. पुढे लिहिलंय की शक्य असेल तिथवर त्यांनीही हानिकारक व्यत्यय टाळावा. माझी अख्खी नोकरी या "शक्य असेल तिथवर" पाशी अडखळत गेली. टॅक्सीत बेकायदा जॅमर, म्हणजे सिग्नल दाबणारं यंत्र, लावणाऱ्याला आम्ही धरू शकत होतो. सीमेपलीकडच्या सैन्याचा व्यत्यय सापडला तर फाइल वर पाठवायची, एवढंच हातात.

तक्रारही सरकार सरकारविरुद्ध करतं, नाविक नाही. २०२४ मध्ये स्वीडन, फ्रान्स आणि आणखी काही देशांनी त्यांच्या उपग्रहांत होणाऱ्या व्यत्ययाबद्दल रशियाविरुद्ध तक्रार नेली. संघाच्या रेडिओ नियम मंडळाने गंभीर चिंता व्यक्त केली, ताबडतोब थांबवा म्हणून सांगितलं. दंड करायचा अधिकार मंडळाला नाही. २०२५ च्या मार्चमध्ये दूरसंचार संघ, नागरी विमान वाहतूक संघटना आणि तुमची सागरी संघटना या तिघांनी मिळून पत्रक काढलं की हे व्यत्यय वाढताहेत, देशांनी आवरावं. तिघांनी एकत्र बोलावं लागलं, यावरून प्रकरण कुठवर गेलंय ते समजा.

कोथरूडचा_अभियंता

भारताची स्वतःची जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा, नाविक (NavIC), वापरली तर हा प्रश्न सुटणार नाही का?

वायरलेस_निवृत्त

नाही. नाविकचे उपग्रह तर आणखी उंचावर, छत्तीस हजार किलोमीटरवर आहेत. सिग्नल तितकाच क्षीण, तो दाबता येतोच. नक्कल ओळखायचा एक उपाय आहे, सिग्नलवर सही असावी तशी खूण घालायची. युरोपच्या गॅलिलिओने २०२५ मध्ये ती सेवा सगळ्यांना खुली केली. पण ती वाचणारा रिसीव्हर बोटीवर हवा. आणि गोंगाटाने सिग्नलच बुडाला तर सही असून उपयोग नाही.

सिंदेवाहीचे_मास्तर

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. समुद्राशी आमचा संबंध नाही, आकाशाशी आला, म्हणून लिहितो.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास आकाशातून पेटत्या रेघा गेल्या, त्या अर्ध्या महाराष्ट्राने पाहिल्या. आमच्या तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं एक कडं पडलं, व्यास जवळजवळ तीन मीटर. मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. बैलगाडीच्या चाकाच्या दुप्पट, काळवंडलेलं, कडेचा पातळ पत्रा कागदासारखा मुडपलेला. पवनपारजवळ एक गोळा सापडला. माणूस कुणी सापडलं नाही त्याखाली, हे नशीब. जाणकारांनी सांगितलं की ते चीनच्या लाँग मार्च ३ बी रॉकेटचे अवशेष आहेत, २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेल्या.

पोरांनी वर्गात हाच प्रश्न केला होता, सर, कुणाच्या डोक्यात पडलं असतं तर? म्हणून मी वाचून काढलं. १९७२ चा दायित्व करार आहे. अवकाशातली वस्तू जमिनीवर पडून नुकसान झालं तर सोडणारा देश भरपाई देणार, चूक सिद्ध करायची गरजच नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ कॅनडाच्या उत्तरेला बर्फात कोसळला. अणुभट्टीवर चालणारा लष्करी उपग्रह, आणि काम काय, तर समुद्रावरच्या जहाजांवर रडारने नजर ठेवायचं. किरणोत्सारी तुकडे शोधत कॅनडाचे लोक महिनोन्महिने फिरले. साठ लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये तीस लाखांवर मिटलं.

म्हणजे बघा, लाडबोरीच्या माणसाच्या घरावर कडं पडलं असतं तर दिल्लीने बीजिंगकडे बोट दाखवून पैसे मागायला कागद होता. तुमच्या बोटीला तो कागद लागू नाही. त्या करारातलं नुकसान अवकाशातल्या वस्तूने केलेलं असावं लागतं. तुमचा उपग्रह वर नीट चालू होता, गडबड जमिनीवरच्या ट्रान्समीटरने केली. लोखंड पडलं तर करार आहे, सिग्नल पाडला तर नाही, हे मला पटत नाही. १९६७ च्या अवकाश करारातही कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी आहे, जीपीएस दाबण्याबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा जीपीएस नव्हतंच.

माजी_सिग्नल्स

मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो. सेकंड मेट, तुमच्या दोन तासांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. तरी दुसरी बाजू मांडतो.

आजचा ड्रोन आणि बरीच क्षेपणास्त्रं उपग्रहाच्या सिग्नलवर वाट काढतात. शहरावर, बंदरावर, तेलाच्या टाक्यांवर ते येत असताना सिग्नल बिघडवणं हा माणूस न मारता करायचा बचाव आहे. गोळी झाडण्यापेक्षा तो बरा. कोणताही सेनापती हे हत्यार सोडणार नाही. बंदीची मागणी केलीत तर कुणी ऐकणार नाही आणि मिळण्याजोगं होतं तेही हातचं जाईल.

आपल्याकडेही हे आहेच. २०२५ च्या मार्चमध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अमृतसर आणि जम्मूच्या सीमाभागात विमानांच्या जीपीएसमध्ये व्यत्ययाच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. सीमेवर ड्रोनने अफू आणि पिस्तुलं येतात, तिथे आम्ही हात बांधून बसायचं का?

एक फरक मात्र मी मानतो. जॅमिंग म्हणजे मोठ्याने ढोल बडवणं. तुमच्या रिसीव्हरला कळतं की काही ऐकू येत नाही, तो तसं सांगतो. स्पूफिंग म्हणजे ओळखीच्या माणसाचा आवाज काढून चुकीचा रस्ता सांगणं. रिसीव्हर बिचारा विश्वास ठेवतो. नागरी वापराच्या सिग्नलवर स्पूफिंग हा माझ्या मते वेगळा आणि जास्त वाईट प्रकार आहे.

हर्णैचा_सेकंड_मेट

काका, मी बंदी मागतच नाही. तुमचं शहर वाचवायला सिग्नल बिघडवावा लागला तर बिघडवा. पण आम्हाला सांगा. आम्ही रात्रंदिवस नेव्हिगेशनल वॉर्निंग घेतो. कुठे दिवा विझला, कुठे बोया वाहून गेला, कुठे नौदलाचा गोळीबाराचा सराव आहे, सगळं नॅव्हटेक्सच्या, म्हणजे रेडिओवरून सूचना छापणाऱ्या यंत्राच्या, कागदावर येतं. "अमुक तारखेपासून अमुक भागात जीपीएसवर विसंबू नका" एवढी एक ओळ आली असती तर मी सामुद्रधुनीत शिरायच्या आधीच रडार लॉगवर टाकलं असतं, ब्रिजवर एक माणूस जादा उभा केला असता, वेग कमी केला असता. आम्हाला चेतावणी मिळाली ती आमच्याच अलार्मकडून.

त्याच्या महिनाभर आधी, १० मे २०२५ ला, जेद्दाजवळ एक मोठं कंटेनर जहाज खडकावर चढलं, आणि तिथेही जीपीएसमधल्या व्यत्ययाचा संशय घेतला गेला. आमच्या पोटात दोन लाख टन कच्चं तेल होतं. आम्ही चढलो असतो तर ओमानच्या मुसंदम किनाऱ्यावरच्या मासेमाऱ्यांचं काय झालं असतं, ते मला हर्णैच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

बंदरावरची_वकील

सेकंड मेट, तुम्ही आता जे मागितलंत ते नवं नाही. समुद्राच्या कायद्यात ते शंभर वर्षांहून जुनं आहे, फक्त सुरुंगांसाठी.

१९०७ च्या हेग परिषदेत समुद्री सुरुंगांवर एक करार झाला. सुरुंग पेरायला पूर्ण बंदी घालायला मोठे देश तेव्हाही तयार नव्हते, काकांनी सांगितलं तेच कारण. मग काय ठरलं? पेरलेल्या सुरुंगांवर देखरेख सुटली की लष्करी गरजेतून जमेल तितक्या लवकर धोक्याचा भाग जहाजवाल्यांना कळवायचा आणि इतर सरकारांनाही. म्हणजे हत्यार वापरा, पण त्याचा पत्ता तटस्थांना द्या.

आणि हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. १९४६ मध्ये कोर्फूच्या सामुद्रधुनीत ब्रिटनच्या दोन विनाशिका सुरुंगावर आदळल्या, ४४ नौसैनिक गेले. सुरुंग अल्बानियाने पेरले हे सिद्ध झालंच नाही. तरी १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अल्बानियाला जबाबदार धरलं, कारण आपल्या पाण्यात सुरुंग आहेत हे त्यांना माहीत असणारच आणि त्यांनी येणाऱ्या जहाजांना सांगितलं नाही. पुढे १९८६ मध्ये निकाराग्वाच्या खटल्यात अमेरिकेवरही हाच ठपका आला, पेरलेल्या सुरुंगांची माहिती जहाजांना दिली नाही म्हणून. छोटा देश असो की महासत्ता, न कळवणं हाच दोष ठरला.

माझं ठाम मत आहे की सामुद्रधुनीतला खोटा जीपीएस सिग्नल हा सुरुंगाच्या जातीचा आहे. तो पाण्यात दिसत नाही, तटस्थ आणि शत्रू यांत फरक करत नाही, आणि कुठे आहे ते फक्त ठेवणाऱ्याला माहीत असतं. न्यायालयापुढे हा युक्तिवाद अजून कुणी नेलेला माझ्या पाहण्यात नाही. नेण्यासाठी नोंदी लागतील, आणि त्या तुमच्यासारख्यांच्या लॉगबुकातच आहेत.

दुसरा एक करार लोक पुढे करतात तो १९८८ चा, सागरी सुरक्षेविरुद्धच्या बेकायदा कृत्यांबद्दलचा. त्यात जाणूनबुजून खोटी माहिती देऊन जहाज धोक्यात घालणं हा गुन्हा आहे. भारताने त्यावर २००२ मध्ये कायदाही केलाय. पण तो माणसांवर खटले भरायला आहे, चाचे, अतिरेकी यांच्यासाठी. एखाद्या देशाच्या सैन्यापर्यंत त्याचा हात पोचत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

मास्तर, अवकाशाबद्दल एक जोडते. २०२२-२३ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या एका कार्यगटाने अवकाशातलं जबाबदार वर्तन म्हणजे काय यावर चार बैठका घेतल्या. व्यत्ययाचा विषयही त्यात आला. शेवटी एकमताचा अहवाल होऊ शकला नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आमसभेत जमिनीवरून मारा करून उपग्रह फोडण्याच्या चाचण्या करू नयेत असा ठराव १५५ मतांनी झाला. भारत तटस्थ राहिला. आपण २०१९ मध्ये तशी चाचणी केली होती, आणि आपली भूमिका अशी की नुसती वचनं नकोत, बंधनकारक करार हवा. तत्त्व म्हणून मला ती पटते. पण करार व्हायला वीस वर्षं लागतील आणि सेकंड मेट त्याआधीच पुन्हा होर्मुझमधून जाणार आहेत. जगभरच्या बोटींवर एवढे भारतीय आहेत. "कळवा" एवढ्या एका नियमासाठी भारताने पुढाकार घ्यायला हवा, यात आपलं कोणतंही हत्यार काढून घेतलं जात नाही.

माजी_सिग्नल्स

वकीलताई, सुरुंगाची तुलना पटली. फक्त एक अडचण. सुरुंगक्षेत्र महिनोन्महिने तिथेच असतं. जॅमर गाडीवर असतो, ड्रोन आला की चालू, गेला की बंद. आधी कळवलं तर शत्रूलाही कळतं.

बंदरावरची_वकील

जॅमर कुठे उभा आहे ते सांगायचं नाही, कोणत्या पाण्यात परिणाम होईल तेवढंच सांगायचं. शत्रूला तर त्याचा ड्रोन भरकटला की कळतंच. अमेरिकेचं सैन्य स्वतःच्या देशात जीपीएस बिघडवण्याचा सराव करतं तेव्हा वैमानिकांना आधी सूचना निघते, किती परिसरात परिणाम होईल ते लिहून. सरावात जमतं, मग सामुद्रधुनीत निदान तासाभराने तरी जमावं.

माजी_सिग्नल्स

तासाभराने जमेल. हे मी मान्य करतो.

हर्णैचा_सेकंड_मेट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कंपनीशी बोललो. आमच्या झेंड्याच्या देशाकडे ते अहवाल पाठवतील, मी लिहून द्यायचा. एक प्रत मुंबईला नौवहन महासंचालनालयाला आणि एक अमेरिकी तटरक्षक दलाच्या नेव्हिगेशन सेंटरला, ते जगभरातून जीपीएसच्या तक्रारी घेतात. त्या भागाच्या सागरी सूचना पाकिस्तानकडून निघतात, त्या समन्वयकालाही कॅप्टन कळवणार आहेत.

कच्चा मसुदा असा: "०२:०४ वाजता पोझिशन अचानक उत्तरेला जमिनीवर गेली. वेग १२ वरून ४३ नॉट. दोन्ही रिसीव्हरवर एकच चुकीची पोझिशन. रडार आणि दिदामारच्या बेअरिंगवरून खरी पोझिशन दर सहा मिनिटांनी नोंदली, तक्ता सोबत. ०३:५४ वाजता पूर्ववत." काही राहिलं असेल तर सांगा.

वायरलेस_निवृत्त

दोन गोष्टी घाला. त्या वेळी रिसीव्हरच्या पडद्यावर उपग्रहांच्या ताकदीचे जे खांब दिसतात, ते सगळे एकाच उंचीचे होते का? खरे उपग्रह कुणी डोक्यावर, कुणी क्षितिजाजवळ, म्हणून खांब कमीजास्त असतात. सगळे सारखे असतील तर ते एकाच ट्रान्समीटरमधून येत होते. फोटो काढला असेल तर जोडा.

दुसरं, ०२:०४ हे कोणत्या घड्याळावरून लिहिलंत? ब्रिजवरचं मुख्य घड्याळ जीपीएसवरून वेळ घेत असेल तर तीही खोटी असू शकते. क्रोनोमीटरवरून किंवा हातातल्या घड्याळावरून पडताळा, आणि कोणतं घड्याळ ते अहवालात लिहा.

हर्णैचा_सेकंड_मेट

खांबांचा फोटो आहे. सगळे सारखे आहेत, आत्ता नीट पाहिले. वेळ मुख्य घड्याळावरून लिहिली होती. एबीने सुकाणू हातात घेतल्याची वेळ वहीत त्याच्या मनगटातल्या घड्याळावरून टाकली होती, तिथे ०२:०९ आहे. मी त्या वहीचं, म्हणजे बेल बुकाचं, पान मागवून दोन्ही ताडून बघतो आणि मसुदा बदलून उद्या इथे टाकतो.